घरचा आकाशकंदील, मुलांच्या हातचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवरात्र संपलं की आमच्या परळच्या इमारतीत जिन्यात, लिफ्टपाशी, भाजी घेताना कुणी ना कुणी आईबाबा मला थांबवतात. "यंदा मुलांना कंदील करायला बसवायचंय, कुठून सुरुवात करू?" माझ्या लेकीबरोबर आणि मजल्यावरच्या मुलांबरोबर मी दरवर्षी कंदील करते. त्यामुळे तेच तेच प्रश्न येतात, आणि जिन्यात उभ्या उभ्या दिलेली उत्तरं घरी जाईपर्यंत विसरली जातात. म्हणून ती इथे सविस्तर लिहिली आहेत.

कधी सुरुवात करावी?

सहामाहीचा शेवटचा पेपर झाला की दुसऱ्या दिवशी. वसुबारसेच्या आधी आठ-दहा दिवस तरी हातात हवेत. कंदील एका बैठकीत होत नाही आणि तसा करूही नये. पहिल्या संध्याकाळी सांगाडा, दुसऱ्या-तिसऱ्या संध्याकाळी कागद, मग कागदी करंज्या आणि झिरमिळ्या, शेवटी दिवा. प्रत्येक बैठक तास-दीड तासाची ठेवा. त्यानंतर मुलं कंटाळतात, आणि कंटाळलेल्या हाताने कागद फाटतो.

धनत्रयोदशीच्या आदल्या रात्री सुरू केलेला कंदील आईबाबाच रात्री एक वाजता पुरा करतात आणि मुलं शेजारी झोपलेली असतात. हे मी बऱ्याच घरांत पाहिलं आहे.

माझा मुलगा चार वर्षांचा आहे, मुलगी नऊची. दोघांना एकत्र बसवता येईल?

येईल, कामं वाटून दिली तर. तीन-चार वर्षांच्या मुलाला कागद फाडायला फार आवडतं, तेच त्याचं काम. रंगीत कागदाचे हाताने फाडलेले तुकडे कंदिलाच्या चौकोनावर चिकटवले की आतून दिवा लागल्यावर ते सुंदर दिसतात. पाच ते सातच्या मुलांना खळ लावणं, झिरमिळ्यांच्या पट्ट्या बोथट कात्रीने कापणं, कागदाच्या घड्या घालणं जमतं. आठच्या पुढे पट्टीने मोजमाप आणि दोऱ्याची गाठ. अकरा-बारा वर्षांची मुलं तुमच्या नजरेसमोर काड्या कापू शकतात.

कटर आणि गरम गोंदाची बंदूक मोठ्यांच्याच हातात राहू द्या. वायर सोलणं, होल्डरला जोडणं हेही मुलांनी करायचं नाही, मूल कितीही हुशार असलं तरी.

सामान काय लागेल आणि मुंबईत कुठे मिळेल?

काड्या म्हणजे बांबूच्या कामट्या, पांढरा जाड दोरा, पतंगी कागदाचे तीन-चार ताव, थोडा घोटीव कागद, मैदा, एक होल्डर, वायर आणि छोटा एलईडी बल्ब. इतकंच.

कागदासाठी मी सीएसएमटीला उतरून क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूने अब्दुल रहमान स्ट्रीटला जाते. कागद आणि स्टेशनरीची ही जुनी घाऊक बाजारपेठ. तिथून लोहार चाळ अगदी जवळ, विजेचं सगळं सामान तिथे मिळतं, म्हणजे एका फेरीत काम होतं. मुलांना बरोबर न्यायचं असेल तर कामाच्या दिवशी सकाळी लवकर जा. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात संध्याकाळी तिथे मोठ्या माणसांनाही पाय ठेवायला जागा नसते. दोन-चार ताव हवे असतील तर एवढं लांब जायचीही गरज नाही. दादर पश्चिमेला स्टेशनबाहेरच्या गल्ल्यांत किंवा तुमच्या घराजवळच्या शाळेसमोरच्या स्टेशनरीवाल्याकडे पतंगी आणि घोटीव कागद हमखास असतो.

सामान घ्यायच्या आधी मुलांना एकदा माहीमच्या कंदील गल्लीत जरूर न्या. दिवाळीआधी ती गल्ली कंदिलांनी भरून जाते. मुलांना सांगा, खालून वर बघा, कंदिलाच्या आत बघा, काड्या कशा बांधल्यात ते बघा. घरी आल्यावर सांगाडा समजावून सांगायला निम्मे शब्द लागतात.

बांबूच्या कामट्या मिळाल्या नाहीत तर?

खराटा घ्या. नारळाच्या झावळीचे हीर सरळ, हलके आणि चिवट असतात. कोकणातून आलेल्या घरांत पूर्वीपासून हिरांचे कंदील होत आले आहेत. नवीन खराट्यातले जाड हीर निवडा आणि निमुळतं टोक कापून टाका. कबाबच्या बांबूच्या काड्याही चालतात, फक्त त्यांचं टोकदार टोक आधी छाटायचं. कामट्या वापरणार असाल तर मुलांच्या हातात देण्याआधी पॉलिश पेपरने घासून घ्या. बांबूची बारीक सल बोटात गेली की त्या दिवसाचा उत्साह संपलाच म्हणायचा.

उदबत्तीच्या काड्या मात्र नको. खळ लागली की त्या मऊ पडतात आणि कागदाच्या ताणाने वाकतात.

पारंपरिक कंदिलाचा सांगाडा नेमका कसा बांधायचा?

बहुतेक घरं इथेच हार मानतात आणि विकतचा कंदील आणतात. खरं तर या सांगाड्यात फक्त चौकोन आहेत. सारख्या मापाचे सहा चौकोन करायचे आणि कोपऱ्याला कोपरा बांधायचा.

२४ काड्या घ्या, प्रत्येक २२ सेंमी लांब. दोन्ही टोकांपासून १ सेंमीवर पेनाने खूण करा. हे खुणांचं काम नऊ-दहा वर्षांच्या मुलाला द्या, तो ते जीव लावून करतो. चार काड्या खुणेवर खूण ठेवून दोऱ्याने बांधल्या की २० सेंमी बाजूचा एक चौकोन झाला. असे सहा.

आता त्यातले चार चौकोन पत्त्यांतल्या चौकटसारखे उभे धरा, म्हणजे एक टोक वर आणि एक खाली. शेजारच्या चौकोनांचे बाजूचे कोपरे एकमेकांना बांधा आणि चौघांचं कडं पूर्ण करा. वर चार टोकं आली, खाली चार टोकं आली. पाचवा चौकोन वर आडवा ठेवा आणि त्याचे चार कोपरे त्या चार टोकांना बांधा. सहावा चौकोन खाली, तसाच. शेवटी बाहेर आलेली काड्यांची टोकं छाटा. झाला सांगाडा. चौकोनांच्या मध्ये आपोआप आठ त्रिकोण तयार होतात, चार वर आणि चार खाली. तेच आपल्या कंदिलाचं ओळखीचं रूप.

गणिताची गोडी असलेल्या मुलाला इथे थोडा वेळ द्या. सहा चौकोनांचे कोपरे २४, दोन-दोन एकत्र बांधले की गाठी १२. त्रिकोण वेगळे बांधायला एकही जादा काडी लागली नाही. माझ्या लेकीने हे बोटाने मोजून पाहिलं तेव्हा तिला जो आनंद झाला तो वहीतल्या भूमितीने कधी झाला नव्हता. आणखी एक गंमत आहे. २० सेंमीच्या बाजूचा कंदील पट्टीने मोजला तर वरच्या चौकोनापासून खालच्यापर्यंत साधारण २८ सेंमी भरतो, आणि चौकोनाचा कर्णही तेवढाच. हे माप मुलांना आधी सांगू नका, त्यांना मोजू द्या.

सांगाडा डुगडुगतो, सगळा एका बाजूला पिळवटतो. काही चुकलं का?

काही चुकलेलं नाही. चार काड्यांचा चौकोन गाठींवर फिरतो आणि पतंगासारखा दबतो. त्रिकोण दबत नाही, चौकोन दबतो, आणि आपल्या सांगाड्यात मुळात बांधलेले सगळे चौकोनच आहेत. म्हणून सहाही चौकोनांत दोन्ही कर्णांवर दोरा ताणून बांधा, प्रत्येक कर्ण मोजून २८ सेंमी. दोन्ही दोरे ताठ बसले की चौकोन जागचा हलत नाही. वरच्या चौकोनात दोरे जिथे एकमेकांना छेदतात तिथूनच नंतर बल्ब खाली सोडायचा. कागद चिकटून वाळला की सांगाडा आणखी घट्ट होतो.

गाठी सैल राहिल्या असतील तर दोऱ्यावर फेव्हिकॉलचा थेंब टाका आणि रात्रभर हात लावू नका.

हे सगळं सहा वर्षांच्या मुलीला अवघड आहे. सोपा कंदील नाही का?

आहे. जाड रंगीत कार्डशीट लांबीच्या बाजूने मध्ये दुमडा. दुमडलेल्या घडीच्या बाजूने सारख्या अंतरावर काप द्या आणि उघड्या कडेपाशी दोन बोटं जागा सोडा. घडी उघडा, कागद गोल वळवून दोन्ही टोकं चिकटवा, वर-खाली किंचित दाबा. मधल्या पट्ट्या फुगून बाहेर येतात. आत वेगळ्या रंगाच्या कागदाची नळी ठेवली की झालं. हा कंदील पाऊण तासात होतो. पहिल्या वर्षी हाच करा, मोठ्या कंदिलाची घाई नको.

खळ घरी कशी करायची? फेव्हिकॉल चालणार नाही का?

चालेल, पण खळच करा. पतंगी कागदावर फेव्हिकॉल लवकर वाळतो, मग वाकडा बसलेला कागद काढता येत नाही. खळ हळू वाळते, त्यामुळे लहान हातांना कागद सरकवून बसवायला वेळ मिळतो. शिवाय बोटं चाटली तरी काळजी नाही.

दोन चमचे मैदा एक कप गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवा. मंद आचेवर सतत ढवळत राहा. पांढरं मिश्रण घट्ट आणि किंचित पारदर्शक दिसायला लागलं की उतरवा आणि पूर्ण गार करा. साबुदाण्याचीही खळ होते, ती जास्त चिकट असते.

एक गोष्ट कळकळीने सांगते. जुन्या बाइंडरांच्या पद्धतीत खळीला किडे लागू नयेत म्हणून मोरचूद घालत. मोरचूद विषारी आहे. मुलं जिथे हात घालणार त्या खळीत ते अजिबात नको. चिमूटभर तुरटी पुरते. उरलेली खळ झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवा, दोन-तीन दिवसांत संपवा. आणि अर्धवट कंदील रात्री जमिनीवर ठेवू नका, टांगून ठेवा. मुंबईच्या घरातल्या झुरळांना मैद्याची खळ फार आवडते. एका वर्षी आमच्या कंदिलाचा एक अख्खा कोपरा सकाळी कुरतडलेला मिळाला होता.

कागद कोणता चांगला आणि सुरकुत्या का पडतात?

पतंगी कागद सगळ्यात चांगला. पातळ असतो, प्रकाश छान झिरपतो आणि खळ पटकन धरतो. घोटीव कागद किनारींसाठी आणि नक्षीसाठी ठेवा, कारण त्यातून उजेड येत नाही. जिलेटीन कागद दिवा लागल्यावर सुरेख चमकतो, पण खळीने चिकटत नाही, त्याला चिकटपट्टी लागते. क्रेप कागद झिरमिळ्यांना शोभतो, मात्र ओला झाला की त्याचा रंग सुटतो.

चार चौकोन आणि आठ त्रिकोण एवढे तुकडे लागतात. वरचा आणि खालचा चौकोन उघडा ठेवायचा. सगळीकडून दीड सेंमी जादा कागद ठेवून कापा, तो काडीवरून आत दुमडायचा असतो. साधारण ५० बाय ७५ सेंमीचा ताव असेल तर एका तावात चारही चौकोन आणि दुसऱ्या तावात आठही त्रिकोण बसतात, त्रिकोण उलटसुलट मांडले तर. ही मांडणी आधी वर्तमानपत्रावर करून बघा. लाल चौकोन आणि पिवळे त्रिकोण ही माझी आवडती जोडी. लेकीला दरवर्षी हिरवा-गुलाबी हवा असतो, आणि तो हिरवा-गुलाबीच होतो.

सुरकुत्या पडतात त्या खळ जास्त झाल्यामुळे. खळ कागदाला लावू नका, काडीला लावा, आणि बोटानेच लावा. कागद आधी एका कडेवर बसवा, मग समोरच्या कडेवर, शेवटी उरलेल्या कडांवर. तरीही सैल वाटला तर पूर्ण वाळल्यावर पाण्याचा अगदी हलका फवारा मारा. वाळताना कागद ताणला जातो. रंग कच्चा असेल तर डाग पडतो, म्हणून आधी उरलेल्या तुकड्यावर करून पाहा.

आणि कागद लावायला बसताना पंखा बंद. ऑक्टोबरच्या उकाड्यात ही शिक्षा वाटते, पण पंखा चालू ठेवून पतंगी कागद सांभाळणं कुणालाच जमलेलं नाही.

करंज्या आणि झिरमिळ्या?

करंजी म्हणजे घोटीव कागदाची गोल चकती मध्ये दुमडून अर्धगोल करायचा आणि तो त्रिकोणांच्या टोकांवर किंवा कडेवर ओळीने लावायचा. वाटी उलटी ठेवून चकत्या आखणं हे लहान मुलांचं आवडतं काम. झिरमिळ्यांसाठी कागदाच्या पट्टीची लांबी कंदिलाच्या उंचीच्या दीडपट ठेवा. खालच्या चौकोनाच्या चारही कोपऱ्यांना एकेक जुडी लावा आणि मधोमध एक लांब. जास्त जड केल्या तर कंदील वाऱ्याने गरगर फिरतो.

दिवा कोणता लावावा? आमच्या लहानपणी साठचा बल्ब असायचा.

तो तापायचा, आणि कागद करपायचा. आता तीन वॅटचा एलईडी पुरेसा आहे. पिवळसर प्रकाशाचा घ्या. पांढऱ्या प्रकाशात लाल आणि केशरी कागद फिका दिसतो. जुना झिरोचा बल्ब नावाला झिरो असला तरी तो साधारण १५ वॅट वीज खातो आणि गरमही होतो. बल्ब आणि कागद यांच्यात चारही बाजूंनी वीतभर नाही तरी तळव्याएवढं अंतर ठेवा.

कंदिलाचं वजन वायरवर टाकू नका, स्वतंत्र दोरी बांधा. उघड्या गॅलरीत असेल तर बाहेर वापरायचा होल्डर घ्या आणि जोड इन्सुलेशन टेपने पक्का गुंडाळा. कागदी कंदिलात मेणबत्ती किंवा पणती ठेवू नका, फोटोपुरतीसुद्धा नको.

मुलाने लावलेला कागद वाकडा लागला आहे. तो झोपल्यावर नीट केला तर चालेल?

हा प्रश्न मला फार आयांनी विचारला आहे, अगदी हळू आवाजात. माझं उत्तर नाही असं आहे, आणि ते मी स्वतः चूक करून शिकले आहे.

लेक सहा वर्षांची होती. तिने आठपैकी तीन त्रिकोण लावले. त्यातल्या एकाला मोठी चुणी पडली होती आणि खळीचा डाग होता. पाडव्याला सासरकडची मंडळी येणार होती. रात्री मी तो त्रिकोण सोडवला आणि नवीन कागद ताणून लावला. सकाळी दूध पिताना तिने कंदिलाकडे पाहिलं, त्या त्रिकोणावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हा माझा नाही." रडली नाही, रागावली नाही. पण पाडव्याला तिच्या आत्याने "कंदील कुणी केला गं?" असं विचारल्यावर तिने "आईने" असं सांगितलं. मला वाटतं त्या दिवशी मी तिचा आख्खा कंदील घेतला होता, एक त्रिकोण नव्हे.

म्हणून आता आमच्याकडे ठरलेलं आहे. गाठ सैल असेल, बल्ब कागदाला लागत असेल, काडी डोळ्यात जाईल अशी बाहेर आली असेल तर ते दुरुस्त करायचं, आणि तेही मुलांच्या समोर, त्यांना सांगून. चुणी, डाग, उलटा लागलेला रंग, एक बाजू बुटकी झालेली, हे सगळं तसंच राहतं. दिवा लागला की चुणीतून प्रकाश वेगळाच दिसतो. गॅलरीत टांगल्यावर खालून येणाऱ्या-जाणाऱ्याला ती चुणी दिसतही नाही.

आणि हा कंदील दारात, पुढच्या बाजूलाच लावा. मुलांचा मागच्या खिडकीत आणि विकतचा दर्शनी भागात असं करू नका. त्यांना ते कळतं.

आमचं घर वन रूम किचन आहे. एवढा पसारा कुठे मांडू?

गिरगावच्या आणि लालबागच्या चाळींत पिढ्यानपिढ्या कंदील झाले ते सामाईक गॅलरीतच. तुमच्याकडे गॅलरी असेल तर तिथे, नसेल तर जिन्याच्या चौकात किंवा सोसायटीच्या ऑफिसात सेक्रेटरींना विचारून दोन संध्याकाळ मागून घ्या. एका चादरीवर सगळं मांडा, म्हणजे उठताना चारही टोकं धरून पसारा एकदम उचलता येतो. सहा चौकोन सहा घरांतल्या मुलांनी बांधून आणले की इमारतीचा एक मोठा कंदीलही होतो. तेव्हा माप मात्र सगळ्यांना एकच द्या. एकदा आमच्याकडे चार चौकोन २० सेंमीचे आणि दोन २० इंचांचे आले होते.

थर्माकोलचं काही करायचं का? मुलाला शाळेतून तसं सुचवलं आहे.

नको. महाराष्ट्रात २०१८च्या प्लॅस्टिक आणि थर्माकोल बंदीत सजावटीचं थर्माकोल आलं, आणि १ जुलै २०२२ पासून देशभर लागू झालेल्या एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या बंदीतही सजावटीचं थर्माकोल आहे. शाळेत शिक्षकांना हे शांतपणे सांगा आणि पुठ्ठ्याचा पर्याय द्या, ते ऐकतात. घरात आलेल्या खोक्यांचा पुठ्ठा कोरून चांदण्या, मोर, कमळ सगळं होतं.

पाऊस आला तर?

येतो. मोसमी पाऊस ऑक्टोबरमध्ये मुंबईतून परततो, पण परतताना संध्याकाळी गडगडाटासह कोसळतो, आणि दिवाळी लवकर असली की कंदील त्यात सापडतो. छताखाली टांगा, ग्रिलच्या आतल्या बाजूला. वरच्या चौकोनावर जिलेटीन कागदाची सैल टोपी घाला, हवा जायला फट ठेवून. क्रेपच्या झिरमिळ्या खालच्या मजल्यावरच्यांच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर रंग सांडतात, त्यामुळे ढग दिसले की कंदील आत घ्या. वरच्या मजल्यांवर वारा जास्त असतो, तिथे खालच्या चौकोनालाही एक दोरी बांधून ग्रिलला अडकवा.

कंदिलाशिवाय मुलांबरोबर आणखी काय करता येईल?

पणत्या रंगवा. धारावीच्या कुंभारवाड्यात साध्या मातीच्या पणत्या मिळतात. मुलांना तिथे नेलं तर भट्ट्या आणि चाकही बघायला मिळतं. नवीन पणत्या आधी काही तास पाण्यात बुडवून ठेवा, म्हणजे त्या तेल पीत नाहीत. पूर्ण वाळल्यावर फक्त बाहेरून रंगवा. आतली बाजू आणि वात टेकते ती चोच कोरी राहू द्या. गेरूवर पांढऱ्या रंगाचे ठिपके दिले तर वारली चित्रांची आठवण होते, आणि ठिपके द्यायला चार वर्षांच्या मुलालाही येतं.

तोरणासाठी दादरच्या फुलबाजारातून पहाटे झेंडू आणि आंब्याची पानं आणा. सुई मोठ्या नेढ्याची द्या.

अंगण किंवा कंपाउंडचा कोपरा असेल तर किल्ला कराच. दगड, विटांचे तुकडे, वर ओलं पोतं आणि त्यावर माती. माती ओली असताना अळीव पेरले की तीन-चार दिवसांत किल्ल्यावर हिरवळ उगवते. मुलं शाळेत जायच्या आधी उठून ते बघायला धावतात.

तयार किट आणलं तर काय बिघडतं?

काही बिघडत नाही, हाताशी वेळच नसेल तर. पण किटमध्ये कापणं, मोजणं, बांधणं आधीच कुणीतरी करून ठेवलेलं असतं आणि मुलांना फक्त चिकटवायचं उरतं. मला तरी काड्या आणि दोरा बरे वाटतात.

हीच पद्धत नाताळच्या चांदणीला चालेल का?

चांगली चालेल. गिरगावच्या खोताच्या वाडीत डिसेंबरात घरांवर चांदण्या लागतात, त्या मुलांना दाखवायला न्या. आमच्या मजल्यावर एक ख्रिस्ती कुटुंब आहे, त्यांची मुलं दिवाळीत आमच्याकडे खळ कालवतात आणि डिसेंबरात आमची मुलं त्यांच्याकडे काड्या बांधतात.

पाच सारख्या काड्या घ्या आणि हात न उचलता चांदणी काढतो तशा एकमेकींवर ठेवून पाचही टोकं बांधा. अशा दोन चांदण्या करा. एकीवर दुसरी ठेवून टोकांना टोकं बांधा. आता आतल्या पाच छेदांच्या जागी दोन चांदण्यांच्या मध्ये बोटभर ते वीतभर लांबीच्या पाच काड्या आडव्या अडकवा आणि बांधा. चांदणी मध्ये फुगते आणि टोकांशी निमुळती राहते. यात बल्ब मधोमध टांगायचा. कागद पांढरा किंवा पिवळा घ्या. मागच्या बाजूचा एक त्रिकोण उघडा ठेवा, बल्ब बदलायला तिथून हात जातो.

दिवाळी संपल्यावर कंदिलाचं काय करायचं?

आमच्याकडे तो तुळशीच्या लग्नापर्यंत असतो, काही घरांत कार्तिकी पौर्णिमेपर्यंत. उतरवल्यावर होल्डर, वायर आणि बल्ब काढून वेगळे गुंडाळून ठेवा. कागद ओला करून काड्यांवरून सोलून घ्या, तो सुक्या कचऱ्यात जातो. काड्या पुसून, वाळवून, रबरबँड लावून ठेवल्या तर त्या बरीच वर्षं टिकतात. सांगाडा बांधलेलाच ठेवायला मुंबईत जागा कुणाकडे आहे?

आमच्या माळ्यावरच्या जुडीत एक काडी थोडी काळपट आहे. पहिलीत असताना लेकीने तिच्यावर पेनाने आपलं नाव लिहिलं होतं. अक्षर आता पुसट झालंय, पण दरवर्षी काड्या मोजायला घेतल्या की ती आधी तीच शोधते आणि वरच्या चौकोनात बांधते.